चिऊस पत्र

चि. सौ. चिऊस अनेक आशीर्वाद.

विशेष. छोट्याच्या शाळेतील बाईंनी, तो शब्दांची सरमिसळ करतो आणि बोलतो कमी, म्हणून घरीही शाळेचीच भाषा बोला असे सुचवल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस. त्यावर मी नुसते "बरं" म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला, कारण शब्दाला शब्द वाढू नये असे वाटले. तुमच्या घरात ढवळाढवळ करण्याची माझी इच्छा नाही. तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याच फोनवर मी त्याला म्हणालो, "निळी गाडी दाखव रे, पण चाक निघालेली नको." तो पलंगाखाली शिरला, मोडकी गाडी त्याने बाजूला सारली आणि धड असलेली तेवढी घेऊन आला. मग काहीतरी भरभरून सांगू लागला, ते सगळे शाळेच्या भाषेत. माझे त्याला कळले, त्याचे मला कळले नाही. तू मध्ये पडून सांगितलेस तेव्हा मी हसलो. तू स्वयंपाकघरात असतीस तर आम्ही दोघांनी काय केले असते, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

बाईंनी बहुधा एकाच भाषेतले शब्द मोजले असावेत. दोन-तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द सर्व भाषा मिळून मोजावे लागतात, आणि सरमिसळ हे गोंधळाचे लक्षण मानत नाहीत. जो शब्द आधी सुचतो तो मूल वापरते. कोणत्याच भाषेतले त्याला नीट समजत नसते, तर कान आणि वाचा तपासून घे असे मीच आधी म्हटले असते, आणि तरीही मराठी बंद कर असे म्हटले नसते. दोन भाषांनी मुले मागे पडतात अशी समजूत पूर्वी होतीच. 1962 साली पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी कॅनडातील मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांची मुले तपासली, तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट सरस ठरली. दोन भाषांनी बुद्धी वाढते की नाही यावर विद्वान अजून भांडतात. त्यांना भांडू दे, आपल्याला नुकसान नाही एवढे पुरे.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बेल्जियममधील सुमारे 1,900 कुटुंबांच्या पाहणीत, घरात वेगळी भाषा असूनही जवळजवळ चौथा हिस्सा कुटुंबांतील मुले ती बोलत नव्हती, आणि आईवडिलांपैकी एकच जण ती भाषा बोलतो तिथे ती सुटण्याचा धोका अधिक दिसला. जावईबापूंना मी नावे ठेवत नाही, ते त्याच्याशी स्वतःच्या भाषेत बोलतात हे उत्तमच आहे. पण त्यामुळे मराठीचा सगळा भार तुझ्या एकटीवर पडतो. तू थांबलीस की संपले. मराठी कार्टून लावून देईन म्हणालीस, पण पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंच्या 2003 सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची बाळे समोर बसलेल्या माणसाकडून परक्या भाषेचे ध्वनी शिकली आणि पडद्यावरून काहीच शिकली नाहीत. आपला छोट्या आता मोठा आहे, तरी पडदा त्याला उलट प्रश्न थोडाच विचारणार?

व्याख्यान झाले. दिवसभराची नोकरी करून घरी आल्यावर भाषा सांभाळणे किती दमवणारे असते, याची कल्पना मला इथे बसून येणार नाही. रागावू नकोस.

बदलीच्या गावी तू स्वतः काय करायचीस ते आठवते का? तिकडच्या क्रियापदांना मराठी शेपटे लावून तू पायरीवरून ओरडत घरात यायचीस. आजी कधी टोकत नसे; तुझेच वाक्य सरळ मराठीत म्हणून ती पुढचे विचारायची, आणि तूही मराठीत उत्तर देऊन मोकळी व्हायचीस. घरमालकांशी माझे काही जमेना, तेव्हा फ्रॉकच्या खिशात हात घालून तू माझी दुभाषी व्हायचीस, आणि माझ्या म्हणण्यात स्वतःच्या चार गोष्टीही घुसडायचीस. गच्चीची किल्ली आपल्याला त्यामुळेच मिळाली. दादाला ते कधीच साधले नाही.

आजीसारखेच कर, एवढे सांगायचे होते. तो कोणत्याही भाषेत बोलला तरी बोलू दे, हट्ट धरू नकोस. तू मात्र मराठी सोडू नकोस. पुन्हा तेच लिहिले. आईच्या मते हे पत्र पाठवूच नये. मी पाठवतो आहे. रविवारी फोन करशील तेव्हा त्याची झोप झालेली असेल असे पाहा, आणि थोडा वेळ आम्हा दोघांनाच बोलू दे.

तुझा,
बाबा