दहा किलो खोडून दाखवलेत, त्याबद्दल

मॅडम,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण बोलणीही मी चारचौघांतच खाल्ली आहेत.

खुबा दुखतो म्हटलं की पुण्यात औषध ठरलेलं: वजन उतरवा, रोज टेकडी चढा. चढले. वेताळ टेकडी उतरताना जांघेत जी कळ यायची, ती रात्री कुशीवर वळू द्यायची नाही. एका बड्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला न धरला आणि म्हणाले, "हाडं ठणठणीत आहेत, मन कशाततरी रमवा." फी घेताना मात्र त्यांचं पूर्ण लक्ष होतं.

पुढे दुसऱ्या सर्जनांनी त्याच एक्स-रेवर कोन मोजला. मांडीच्या हाडाचा गोळा वरून किती झाकलाय, ते सांगणारा. २५ अंशांच्या वर असला की ठीक, २० च्या खाली म्हणजे गोळा ज्यात बसतो ती वाटी उथळ. माझा १४. खुब्यावर जोर कुठे आणि किती येतो, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायला त्यांनीच माझा सीटी स्कॅन तुमच्याकडे पाठवला.

तुमच्या लॅपटॉपवर माझाच खुबा गोल फिरत होता, अंगभर बारीक जाळी विणलेला. साधं चालतानाही खुब्यावर वजनाच्या अडीचपट वगैरे जोर येतो, हे तेव्हा कळलं. खोल वाटीत तो पसरतो. माझ्या वाटीत बाहेरच्या काठाशी एकवटत होता: बाकी सगळं निळं-हिरवं आणि तिथे लालभडक.

सासूबाई सवयीने म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, वजन कमी कर."

तुम्ही वाद घातला नाहीत. वजनाच्या रकान्यातले दहा किलो खोडलेत आणि गणित पुन्हा चालवलंत. लाल जरासा फिकटला, पण जागचा हलला नाही. मग वजन होतं तेवढं करून वाटीच थोडी वळवलीत, गोळा नीट झाकला जाईल अशी. डाग पसरला, पिवळा झाला. "आई, वजनाने जोर कमी होतो, तुमचं बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "पण तो कुठे येणार, हे वाटी ठरवते."

सासूबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "म्हणजे दुखत होतं गं तुला."

एवढं ऐकायला मी किती दारं झिजवली होती! आणि तुम्ही त्यांनाही खोटं पाडलं नाहीत. शहाणी माणसं आपल्याकडे पेठेपेठेत सापडतात. समोरच्याचा मान राखून खरं सांगणारी शोधावी लागतात. वर स्वतःच्या कामाबद्दलही बजावलंत, की कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, सगळीकडे सारख्याच जाडीची धरलीये, आकड्यांवर विसंबू नका, निर्णय सर्जनांचा.

तो त्यांनी घेतला. वाटी कापून वळवायची ही शस्त्रक्रिया स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या सर्जन राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये सुरू केली म्हणे. माझी झाली, त्याचं पुराण इथे नको.

वॉकर सुटला की जेवायला या. "जेवूनच आला असाल ना?" असं विचारणार नाही. सासूबाईंनी मेनूसुद्धा ठरवलाय, आणि त्यात तूप किती, याचा हिशेब तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही.

तुमची,
टेकडी तूर्तास बंद असलेली पेशंट