काड्यांचं मखर, छापलेले सांधे

संपादक महोदय,

श्रावण लागला की घरोघरी मखराचा विषय निघतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून दरवर्षी नवं काही विकत आणायचं आणि विसर्जनानंतर टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. गेल्या वर्षी लालबागच्या आमच्या खोलीत मी आणि नातीने लाकडी काड्या आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेले सांधे जोडून अर्धगोल घुमट उभा केला. माझी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून झाली, त्यामुळे मापांसकट लिहितो.

त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पक्क्या असल्या की तो वाकडा होत नाही. सगळा घुमट याच जोरावर उभा राहतो. अमेरिकेतल्या बकमिन्स्टर फुलर यांना अशा रचनेचं पेटंट १९५४ मध्ये मिळालं. आमच्या घुमटाची त्रिज्या ५० सेंटिमीटर. काड्या दोनच मापांच्या: आखूड २७.३ आणि लांब ३०.९ सेंटिमीटर. ही मापं सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंतची. काडी मध्याच्या जितकी अलीकडे थांबते, तेवढं दोन्ही टोकांना, दोन्ही मापांतून सारखंच वजा करायचं. पूर्ण घुमटाला आखूड ३० आणि लांब ३५ काड्या लागतात, सांधे २६.

खरी गंमत पुढे आहे. खालच्या बाजूचा पाच तोंडांचा एक सांधा आणि त्याच्या पाच आखूड काड्या लावायच्याच नाहीत. मग समोर पंचकोनी महिरप आपोआप उघडते: तळाशी ३१, मध्ये ५० सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच. फूटभराची मूर्ती तीत पूर्ण दिसते. भोवतीच्या सांध्यांची जी तोंडं रिकामी राहतात, त्यांत नातीने झेंडूचे देठ खोचले. एवढी जागा मोकळी सोडल्यावर घुमट थोडा हलतो, म्हणून तळाचे दहाही सांधे प्लायच्या फळीवर स्क्रूने आवळावेत.

भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड जाडीला फुगतं, लांबीला फारसं नाही. ८ मिलिमीटरच्या काडीसाठी भोक थोडं सैल ठेवावं आणि आधी एकच सांधा छापून काडी बसवून बघावी. सांधे ज्याचे छापले, ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. हॅलोजन जवळ लावू नये, आरतीचं तबकही लांबूनच ओवाळावं. सांधे तापत्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नयेत. बाकी सगळं सामान सुटं होऊन एका कापडी पिशवीत मावतं, आणि चाळीतल्या बिऱ्हाडाला यापेक्षा मोठी सोय नाही.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक शाळांत असे प्रिंटर आले आहेत. तिथल्या शिक्षकांनी श्रावणात मुलांकडून हे सांधे छापून घ्यावेत आणि सामानाच्या खर्चात आसपासच्या घरांना द्यावेत. मुलांची भूमितीही हाताखालून जाईल. काड्या कापायला मी कोणत्याही शाळेत यायला तयार आहे, करवत माझी.

– एक निवृत्त फिटर, लालबाग, मुंबई