विषय: एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असताना हृदयाच्या सेक्टर प्रोबची (सोनोग्राफी मशीनचं अंगावर टेकवायचं टोक) तक्रार न तपासताच बंद केल्याबाबत

प्रति,
सेवा व्यवस्थापक, अल्ट्रासाउंड विभाग

आमची तक्रार 'निकाली' काढल्याचं आज दुपारी तुमच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर कळवलं. इंजिनिअर आला नाही, प्रोब कोणी हातात घेतला नाही.

फोनवरच्या माणसाने विचारलं, "स्क्रीनवर काळी पट्टी दिसते का?" नाही म्हटल्यावर, "मग प्रोब ठीक आहे." पट्टी पोटाच्या कॉन्व्हेक्स प्रोबमध्ये दिसते; तिथे एका रेषेसाठी थोडेच क्रिस्टल (प्रोबमधले ध्वनिलहरी सोडणारे तुकडे) चालतात. सेक्टर प्रोबमध्ये प्रत्येक रेषेला सगळे लागतात, त्यामुळे काही मेले की अख्खं चित्र मंदावतं. इथे नेमकं तेच झालंय. गेन (चित्राचा उजळपणा) वाढवूनही लेफ्ट व्हेंट्रिकलची (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची) आतली कड दिसत नाही, डॉपलर (रक्तप्रवाहाचा सिग्नल) क्षीण आहे. लेन्सला चीर गेली आहे, तिचे फोटो तुमच्याकडे आहेत.

पुढे तो म्हणाला, "मॅडम, तुमचं मॅटर्निटी ना? हार्टचा प्रोब कशाला लागतो? पोटाच्यावर भागवा."

हृदयाचा प्रोब विकणाऱ्या कंपनीचा माणूस हे बोलतो, याचा संताप येतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांत धडधाकट बाईचंही हृदय कमकुवत होऊ शकतं: पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. पायाला सूज, धाप, थकवा हे दिवस भरलेल्या बाईला असतंच, म्हणून निदान हुकतं. आडवं पडल्यावर दम कोंडत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच हवा. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला त्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) ४५ टक्क्यांखाली आहे का, हे फोर चेंबर आणि टू चेंबर व्ह्यूमध्ये ती आतली कड आखूनच मोजतात. पोटाच्या प्रोबचं रुंद तोंड दोन बरगड्यांच्या फटीत बसतच नाही.

गगनबावडा, राधानगरीकडून धाप लागलेली बाळंतीण रात्री येते, तेव्हा सलाईन सोडायचं की फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) द्यायचं, हे ठरवायला ते चित्र लागतं. हृदय थकलेलं असताना सलाईन चढलं तर पाणी फुप्फुसात उतरतं.

तक्रार पुन्हा उघडा. ८ दिवसांत इंजिनिअर पाठवा आणि तोवर याच मॉडेलचा पर्यायी प्रोब द्या. पर्यायी मशीन पाठवू नका. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवल्याशिवाय ते इथे लावता येत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. न तपासता तक्रार पुन्हा बंद झाली तर मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅमकडे (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणारी सरकारी यंत्रणा) नोंद करू आणि एएमसी वाढवणार नाही.

प्रसूती विभाग,
कोल्हापूर