पुण्यात मोले शिजलं, तुमच्यामुळे

आमची सून मेक्सिकोतल्या पुएब्लाची. बाळंतपणानंतर तिला आईच्या हातचं मोले, म्हणजे वाळक्या मिरच्यांचा दाट रस्सा, फार आठवायचं. पण आंचो, मुलातो, पासीया या वाळक्या मिरच्या पुण्यात कुठून आणायच्या? बेडगीने रंग येतो, आंचोची मनुकांसारखी गोडसर चव येत नाही. मेक्सिको सिटीहून येताना आपल्या सामानात पाव किलो मिरच्या आणणाऱ्या ताई, तुमचे उपकार कसे फेडू?

तोर्तियासाठी, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीसाठी, पांढरा मका निवडून देणारे भुसारवाले काका, किलोभर मक्याला 10 ग्रॅम खायचा चुना देणारे पानवाले दादा, तुमचेही आभार. चुन्याच्या पाण्यात शिजून रात्रभर मुरल्याशिवाय त्या मक्याचा गोळा धरतच नाही! इडलीचं पीठ वाटून देणाऱ्या मावशींनी तर आमच्यासाठी दगडी रगडा दोनदा धुतला.

पहिली तोर्तिया फुगली तेव्हा सून रडली. रविवारी सगळ्यांकडे डबा घेऊन येते.