सहावी ताटली

सातारा
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पक्या,

फोन करणार होतो. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास आणि दुसऱ्याला मी शिव्या घातल्या असत्या. म्हणून लिहितोय. दीड वर्षात तुला एक ओळ नाही, त्याबद्दल भेटल्यावर काय ते झाड. तब्येत ठीक. शुगरची एक गोळी होती ती दीड झाली. आईला ऐकू कमी येतं, पण तिला हवं तेवढं बरोबर येतं.

गाडी उघडली.

हो, अण्णांची पद्मिनी. २००९ पासून शेडात उभी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी फियाट वीस वर्षांची मुदत भरली म्हणून रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरातला फोटो आईने कापून फ्रिजवर चिकटवला. "आपली आहे अजून," एवढंच म्हणाली. दूध काढताना रोज ते कात्रण समोर. शेवटी यंदा गणपती झाल्यावर शेडचं कुलूप तोडलं, कारण किल्ली सापडेना.

इंजिनाने फार छळलं नाही. कार्ब्युरेटर धुतला, पंपाचा डायफ्रॅम बदलला, तिसऱ्या दिवशी म्हातारी खोकून उठली. पण पुढचं डावं चाक वरून-खालून धरून हलवलं तर खडखड. मग तुझी युक्ती आठवली: कोणाला तरी ब्रेक दाबून बसवायचं आणि पुन्हा हलवायचं. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं तो खिळा, किंगपिन. नीताला बसवलं. खेळ तसाच. मी खाली आडवा होऊन किंगपिनकडे बघत विचारात पडलो आणि वरून दहा मिनिटांनी आवाज आला, "अहो, पाय काढू का आता?"

मग म्हटलं एवढं करतोच आहोत तर दोन्ही बाजू पूर्ण उतरवू. किंगपिन, आर्मचे रबरी बुश, शॉकअप, सगळंच. तू म्हणशील, छप्पन्नाव्या वर्षी तुला कोणी सांगितलंय. नाना पेठेत तीन दुकानांत हेच ऐकलं, चौथ्याने मात्र माळ्यावरून पिवळट कागदात गुंडाळलेला किंगपिनचा सेट काढून दिला आणि वर "जपून वापरा" म्हणाला. जसा काही मी तो देव्हाऱ्यात ठेवणार होतो.

स्प्रिंगची भीती मला तेव्हाही होती, आताही आहे. गाडी दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधलेली, आणि मग जॅक सोडायचा तो बोटभर, थांबून, पुन्हा बोटभर. त्यात ती स्प्रिंग मध्येच कण्हते. मी तोंड बाजूला करून राहिलो. सुटली तेव्हा कळलं की श्वास धरून ठेवलेला. उजवा किंगपिन दोन ठोक्यांत आला. डाव्याला तीन दिवस डिझेल पाजलं, शेगडीने शेकलं, तरी महाराज हलेनात. शेवटी लेथवाल्याच्या प्रेसवर गेला आणि बंदुकीसारखा आवाज करून निघाला. नवे बुश दाबून, रिमर मारून घेतले. रिमरला मात्र मी स्वतः उभा होतो. पोराने एका दमात वरचा आणि खालचा सरळ रेषेत मारला. आपल्या वर्कशॉपात आपण जे केलं होतं ते आठवून लाज वाटली. कॉलेज वालचंदांच्या नावाचं, गाडी वालचंदांच्या कारखान्याची, आणि दोन्हीकडे आपण दिवे लावले.

आता मुद्दा. आर्मचा शाफ्ट क्रॉसमेंबरला बसतो तिथे पॅकिंगच्या पट्ट्या असतात, नालासारख्या, तुला मी काय सांगू. डावीकडे चार निघाल्या. तीन कंपनीच्या, काळ्या, गंजलेल्या. चौथी पुसली तर लखलखीत. स्टेनलेस स्टील. व्हर्नियर लावला, पॉइंट सहा मिलिमीटर. उलटी केली तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:

"लिनी हिस मा"

पक्या. गाढवा.

सौ. शालिनी हिस मामांकडून. २४-५-६४. आईचा सहा ताटल्यांचा सेट.

मी शेडात पाटावर बसलो आणि आधी हसलो. खरंच हसलो, एकटाच. पसरणीच्या घाटातला तो दगड, गाडी डावीकडे ओढतेय, अण्णा पंढरपूरला, परवा येणार. (दगडाच्या वेळी स्टिअरिंगवर तू होतास. तेहेतीस वर्षं तू लोकांना उलटं सांगतोयस, ते आज लेखी नोंदवून ठेवतो.) तू म्हणालास, जरा चाकाचा कल, कॅम्बर, सुधारला की ओढायची थांबेल, तू चहा सांगून ये. मी चहा घेऊन आलो तोवर पट्टी आत आणि तुझे हात पुसून झालेले. "डब्याचा पत्रा होता." आणि ओढायची थांबली, हेही खरं! १९९९ साली मिस्त्रीने सगळं खोललं तेव्हा त्यानेही ती पट्टी जशी होती तशी परत बसवली असणार. अण्णा गेले, गाडी गंजली, तुझं पॅकिंग शाबूत.

मग हसू गेलं. कारण शेवंताबाई.

तुला ते सगळं ठाऊक नाही, तू दुसऱ्या दिवशी सांगलीला परत गेलास. दिवाळीचं फराळाचं ताट काढताना आईने ताटल्या मोजल्या, पाच. पुन्हा मोजल्या. मग शेवंताबाईला विचारलं. नुसतं विचारलं, पण ओटीवर, आत्या आणि जोशीकाकू बसलेल्या असताना. बाईंनी हातातलं पातेलं घासून पुरं केलं, उपडं घातलं, पदराला हात पुसले आणि गेल्या. पगार न्यायलाही आल्या नाहीत. अण्णांनी नंतर घरी पाठवला तो तसाच परत आला. आई अजूनही पाहुणे आले की "पाच आहेत, एक गेली" म्हणते. कुठे गेली ते म्हणत नाही.

तीन आठवडे हे मी घेऊन फिरतोय. आईला आत्ता सांगावं? एक्याऐंशी वर्षांची आहे. ऐकून गप्प बसेल आणि रात्रभर जागी राहील. की न सांगावं? शेवंताबाई आहेत, इथेच करंजे भागात मुलाकडे. मुलगा टेम्पो चालवतो, मी ओळखतो त्याला, मंडईत रामराम होतो. मी जाऊन काय दाखवू, ही पट्टी? ही बघा तुमची चोरी, आमच्या गाडीच्या आर्ममध्ये होती? एकदा गेलोही, कोपऱ्यावरच्या दुकानातून नको असलेली बिस्किटं घेतली आणि परत आलो. नीता म्हणते, मित्राने केलंय तर मित्रालाच पाठवा.

आणि एक सांगतो, ते तिला सांगितलेलं नाही. मी चहा घेऊन आलो तेव्हा पत्रा कापायची कात्री चटईवर होती आणि तिच्याजवळ कंगोऱ्याची एक चकाकती काप. मी ती पायाने शेडाच्या कोपऱ्यात सरकवली. डब्यांना कंगोरे नसतात, एवढं मला तेव्हाही कळत होतं. दहा दिवसांनी आई ओटीवर विचारत होती तेव्हा मी माजघरात करंज्या खात होतो.

असो. तुझं काय? चिनूला बंगलोरला नोकरी लागल्याचं ग्रुपवर वाचलं, पेढे पाठव. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? निगडीचा फ्लॅट विकू नकोस एवढ्यात.

गाडी जोडून झाली. एक घोळ घातला: रबरी बुशचे नट चाकं लोंबत असतानाच आवळले. खाली उतरवली तर नाक वर करून उभी, नव्या नवरीच्या मोठ्या जावेसारखी. मग सगळे ढिले करून, गाडी चाकांवर उभी करून, चार वेळा दाबून, पुन्हा आवळले. आता सरळ बसली आहे. डावीकडे कंपनीच्या चार पट्ट्या घातल्या, जाडी तीच. ती पट्टी शेडाच्या खिडकीत आहे.

अलाइनमेंटला शनिवारी नेतोय. तू शुक्रवारी रात्री ये. सकाळी आधी करंज्याला जाऊ, पद्मिनीतूनच. बोलायचं तू सुरू कर, पुढचं मी सांगतो. आईला तिथून आल्यावर.

जमणार नसेल तर तसं कळव, मी एकटा जाईन. बिस्किटं आहेत घरात.

तुझा,
सुऱ्या

ता. क. चहाचे चार रुपये तू अजून दिलेले नाहीस.