अव्यास, मूनकेकच्या बाजूने

सिंगापूर
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय अव्या,

तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी हाँगकाँगहून मूनकेक आणला (चिनी लोक शरद पौर्णिमेच्या सणाला खातात तो सारण भरलेला केक), तू अख्खा एक संपवलास, रात्रभर मळमळलं, आणि मग फोनवर चिनी लोकांच्या चवीवर मनसोक्त तोंडसुख घेतलंस. मी तेव्हा मीटिंगमध्ये शिरत होतो म्हणून ऐकून घेतलं. आता सवडीने भांडतो.

अरे, अख्खा कोण खातो? एकेक म्हणजे दीडशे-एकशेऐंशी ग्रॅमचा ऐवज. कमळबियांचं सारण आणि आत अंड्याचे दोन बलक असतील तर हजाराच्या आसपास कॅलरी होतात. तो कापून वाटायचा असतो. आमच्या शेजारच्या आंटी (कँटोनीज, म्हणजे मूळच्या दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगकडच्या, सत्तरी उलटलेल्या, अजून स्वतः भाजतात) पातळ सुरीला तेलाचं बोट लावून एकाच्या आठ फोडी करतात आणि प्रत्येकाच्या हातात एकच ठेवतात. सोबत पू-अर चहा, काळाकुट्ट, बिनसाखरेचा, घोटभर मावेल एवढ्या कपात. फोड चावायची, चहाचा घोट घ्यायचा, तोंडातला तुपकटपणा निघून जातो आणि मग दुसऱ्या फोडीकडे डोळा जातो. तू काय प्यायलास वर? कॉफी ना? मग बरोबर आहे.

यंदा मजा झाली. त्यांचा मूनकेकचा सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. बहुतेक वर्षी त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा आपल्या भाद्रपदात पडते, गेल्या वर्षी तर ऐन अनंत चतुर्दशीला होती. यंदा त्यांचा सहावा महिना अधिक होता, त्यामुळे सण महिनाभर पुढे सरकला. मग काय, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आमचं मसाला दूध आणि आंटींचे मूनकेक, पोरं कंदील घेऊन धावतायत, असा सगळा कारभार. चंद्रावरचा ससा त्यांनाही दिसतो बरं का. फक्त त्यांचा ससा तिथे बसून अमृत कुटतो, चांगअ नावाच्या देवीसाठी.

आता चवीचं. तू खाल्लास तो कँटोनीज. पाकाचं सिरप, शेंगदाण्याचं तेल आणि थोडं पापडखारासारख्या क्षाराचं पाणी घालून मैदा मळतात, पारी अगदी पातळ, लाकडी साच्यात दाबून, आपटून काढतात. भट्टीतून काढल्यावर तो कडक आणि कोरडा असतो. दोन-तीन दिवस ठेवला की सारणातलं तेल हळूहळू पारीत उतरतं, ती मऊ पडते आणि तिला चकाकी येते. आंटी त्याआधी कोणाला हात लावू देत नाहीत. सारण कमळबियांचं: बी शिजवायची, आतला हिरवा कडू कोंब काढायचा, वाटायचं, साखर-तेलात घोटत बसायचं. नीट घोटलेलं असेल तर जिभेवर कणसुद्धा लागत नाही. मध्ये खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. अंडी महिनाभर मिठात मुरतात, बलक घट्ट होतो, केशरी होतो. कापताना सुरीवर तेलाचा थेंब येतो तो त्याचाच. त्या खारट, किंचित रवाळ चवीमुळेच बाकीचा गोडवा सहन होतो. बलकाशिवायचा घेऊन ‘फार गोड’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पण माझा खरा जीव तिओच्यू लोकांच्या (हेही ग्वांगडोंगचेच, पण पूर्व भागातले) मूनकेकवर आहे. तो पाहून तू उडशील. एक गोळा नुसत्या मैद्याचा आणि चरबीचा, दुसरा मैदा, पाणी, थोडी चरबी. पहिला दुसऱ्यात गुंडाळून लाटायचा, वळकटी करायची, पुन्हा लाटायचा, पुन्हा वळकटी, मग आडवा कापायचा की वेटोळी दिसायला लागतात. तुझ्या आईचे चिरोटे डोळ्यापुढे आण. तोच साटा, तेच पदर, फक्त आत अळकुडीच्या जातीच्या मोठ्या कंदाचं जांभळट सारण, मऊसूत आणि बेताचं गोड. दातांखाली पदर सुटतात आणि लगेच ते गार, गुळगुळीत सारण लागतं. चरबी जुन्या रीतीने डुकराची, तेव्हा काकूंसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी, विचारूनच घ्यायचं. बौद्ध लोक शाकाहारी घेतात, मुसलमान गिऱ्हाइकांसाठी हलालही मिळतात, तेव्हा अडचण नाही.

शांघायला ऑफिसच्या कामाने गेलो होतो तेव्हा मांसाचे खाल्ले. नानजिंग रोडवर रांगा लागतात, आणि लोक डबेच्या डबे नेतात. गरमागरम, बाहेर पापुद्रे, आत डुकराचा खिमा, चावला की रस मनगटापर्यंत. सण गोडाचाच असला पाहिजे असं तिकडे कोणी मानत नाही.

पाच दाण्यांचा मूनकेक मात्र बिचारा बदनाम. अक्रोड, बदाम, तीळ, कलिंगडाच्या वगैरे बिया, कधी त्यात हॅमचे तुकडेही. तिथली तरुण मंडळी त्याची टर उडवतात, कोणाला भेट दिला तर तो पुढच्याला सरकवतात. मला विचारशील तर सगळ्यात पोटभर चव त्याचीच. चावत बसायला लागतं, आणि दर घासाला वेगळा दाणा सापडतो. आंटी आणि मी, आमचे दोघांचे मत एक झाले ते याच एका बाबतीत.

नवे प्रकारही आहेत. हाँगकाँगहून आलेला बर्फकवच, म्हणजे भाजायचाच नाही, चिकट तांदळाच्या पिठाची पांढरी पारी, फ्रीजमधून काढून थंडच खायचा. इथे त्यात ड्युरियन नावाचं उग्र वासाचं फळ भरतात. ज्या फळाला मेट्रोत न्यायला बंदी, त्याचा गर भरलेली पेटी लोक ७०-८० डॉलर देऊन घेतात. सणाआधी इथल्या ऑर्चर्ड रोडच्या मॉलात जत्रा भरते, काड्यांना टोचलेले तुकडे चाखत फिरता येतं. शॅम्पेन, चॉकलेट, चहाची पावडर, काय वाटेल ते. मी फिरतो, चाखतो, आणि घरी येताना जुन्या बेकरीतून कमळबियांचेच आणतो. ड्युरियनचा मात्र चांगला असतो, हे कबूल.

आमच्या चिरंजीवांना या सगळ्याशी कर्तव्य नाही. त्यांना हवीत ती डुकराच्या पिलाच्या आकाराची बिस्किटं, छोट्या प्लॅस्टिकच्या टोपलीत मिळणारी. त्याच पारीच्या पिठाची असतात, सारण नाही, काही नाही. खाऊन झालं की टोपलीचा पिंजरा करून त्यात गाडी कोंडतात.

हं, आणि तू म्हणालास ती बंडाची गोष्ट: मंगोलांविरुद्ध उठावाचा निरोप मूनकेकमध्ये लपवून पाठवला आणि मग १३६८ मध्ये मिंग घराणं आलं. सगळे सांगतात, पण ती दंतकथाच आहे. ऐकायला छान, परीक्षेत लिहू नकोस.

दिवाळीला १९ तारखेला पुण्यात उतरतोय. सण सरल्यावर भाव उतरतात, तेव्हा पेटी घेऊन ठेवलीय, कमळबियांची, एक बलकवाली. बर्फकवच प्रवासात टिकत नाही, ते विसर. काकूंसाठी बलकाशिवायचे शाकाहारी वेगळे घेतलेत. पू-अरही आणतोय. तू फक्त दोन गोष्टी कर: सुरीला धार लाव, आणि चकलीची भाजणी काकूंकडून माझ्यासाठी काढून ठेव, किलोभर तरी. मागच्या वेळी अर्धा किलो देऊन फसवलंस.

तुझा,
मन्या