जन्मस्थान बदलून आणायला सांगणाऱ्या कॅसिनोस तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि जेट्टी व्यवस्थापक,
मांडवी नदीतील आपले कॅसिनो जहाज, पणजी

विषय: पैसे घेऊन जेट्टीवर प्रवेश नाकारल्याबद्दल, रु. 14,000 परत मिळण्याबाबत

काल तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन झाला. 22 मिनिटे चालला, त्यातली 14 मिनिटे तुमची जाहिरात ऐकण्यात गेली. त्यानंतर जे ऐकवण्यात आले, त्यामुळे पाचवा फोन न करता हे पत्र लिहीत आहे.

शनिवारच्या रात्रीची चार तिकिटे, प्रत्येकी रु. 3,500. म्हणजे मूळ रु. 2,500 आणि त्यावर 40 टक्के जीएसटी रु. 1,000. पैसे चार दिवस आधी ऑनलाइन कापून घेतले. तेव्हा बुकिंगच्या पानावर नाव, मोबाइल आणि 21 वर्षे पूर्ण असल्याची खूण, एवढेच विचारले. कुठला कागद आणायचा, त्यावरचे काय बघितले जाईल, याबद्दल अक्षर नाही. कपड्यांबद्दल मात्र सविस्तर: बर्म्युडा नको, चप्पल नको. बूट घालून आलो होतो.

जेट्टीवर आधी मनगटावर पट्टी बांधली आणि मग ओळखपत्र मागितले. डिजिलॉकरमधले आधार दाखवले, पत्ता तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग. 'मोबाइलवरचे चालत नाही.' तिथलेच एमएच-07 चे लायसन्स दाखवले. तेही मोबाइलवरचे, म्हणून नाही. डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा असा केंद्राचा नियम आहे, आणि आधारवरचा क्यूआर स्कॅन करायला अर्धे मिनिट लागते. पण तुमच्या टेबलावरचा स्कॅनर फक्त तिकिटे वाचतो असे दिसते. शेवटी मूळ कागद म्हणून पासपोर्ट दिला. तुमच्या माणसाने पहिले पान उघडले, 'जन्मस्थान: बांबोळी, गोवा' वाचले आणि गोवेकरांना कॅसिनोत बंदी म्हणून पट्टी कात्रीने कापली. शेवटचे पान, ज्यावर दोडामार्गचा पत्ता आहे, ते उलटलेही नाही.

व्यवस्थापनाला हे सांगायला लागावे याचे आश्चर्य वाटते, पण सांगतो. दोडामार्ग, सावंतवाडीकडची अडलेली बाळंतपणे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात होतात, आजची गोष्ट नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. म्हणून आमच्या तालुक्यात गोव्याचा जन्मदाखला घरटी सापडेल. राहणे महाराष्ट्रात, मतदान महाराष्ट्रात, रेशन महाराष्ट्रात.

स्थानिकांना बंदी असण्याबद्दल माझी तक्रार नाही, ती असावीच. गोव्याच्या जुगारबंदी कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने प्रवेश पर्यटकांपुरता ठेवला आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना दारातून परत पाठवणे सुरू झाले. तो नियम राहणाऱ्यांसाठी आहे. तुमची तपासणी मात्र सुईणीच्या हजेरीपटावर चालते. कानपूरला जन्मून दहा वर्षे गोव्यातल्या पर्वरीत राहणारा माणूस स्वतःचा पासपोर्ट दाखवून जहाजावर नेणाऱ्या तुमच्या फीडर बोटीत बसेल, कारण त्याचेही शेवटचे पान कोणी उलटणार नाही. म्हणजे ज्याला अडवायचे तो आत आणि ज्याला सोडायचे तो जेट्टीवर.

आता कालचा फोन. शब्द जसेच्या तसे देतो, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच.

'सर, आप गोवा में पैदा हुए हो ना?'
'हो, पण राहतो दोडामार्गला.'
'तो आप लोकल हो, सर.'
'दोडामार्ग महाराष्ट्रात आहे.'
'सर, वो गोवा के बाजू में ही है ना?'

बाजूला आहे. तुमच्या हॉटेलांत रोज सकाळी कामाला येणारी पोरे तिथूनच येतात. मी विचारले, मग आता करायचे काय? यावर, अगदी नम्र आवाजात:

'सर, आप बर्थ प्लेस चेंज करवा के आइए, फिर एंट्री मिल जाएगी.'

मी थांबलो. वाटले चेष्टा आहे. 'पासपोर्ट ऑफिस में हो जाता है, सर,' अशी पुस्तीही जोडली. माझ्या आईने कळा सुरू असताना तुमच्या भावी प्रवेश धोरणाचा विचार करून बेळगाव गाठायला हवे होते, एवढेच म्हणायचे बाकी ठेवलेत. मग पैशांचे विचारले, तर 'जीएसटी भर दिया है, सर, रिफंड नहीं होता.' आणि पुन्हा जाहिरात.

हे जीएसटीचे उत्तर चारही फोनवर मिळाले आणि चारही वेळा चुकीचे. चिप्स (पैसे देऊन घ्यायची खेळाची नाणी) परत केल्या तरी त्यांवरचा कर कमी होत नाही, हा जीएसटीच्या नियम 31सी चा भाग तुमच्या लोकांनी पाठ केला आहे. पण आम्ही चिप विकत घेतलीच नाही, ओटीपी (एकदाच खेळायच्या) चिप्सही हातात पडल्या नाहीत. आम्ही घेतला तो प्रवेश. ती सेवा, आणि ती दिली गेली नाही. अशा वेळी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढायची, ती विवरणपत्रात दाखवायची आणि कर वळता करून घ्यायचा. मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत. तुमच्या लेखापालाला विचारा, त्याचे पाच मिनिटांचे काम आहे. सरकारच्या नावाने आमचे पैसे अडवू नका.

उरलेल्या तिघांना तुम्ही 'आले नाहीत' असे नोंदवले आहे. ते आले होते, पट्ट्या बांधून उभे होते, चौथ्याला सोडून गेले नाहीत. बुकिंग एकच, म्हणून पैसे चौघांचे.

'जहाज खासगी आहे, प्रवेशाचा हक्क राखीव आहे,' असेही जेट्टीवर ऐकवले. खासगी जहाज सार्वजनिक नदीत, राज्याच्या परवान्यावर उभे आहे. गोव्याच्या त्याच 1976 च्या जुगारबंदी कायद्यात 1992 आणि 1996 साली कलम 13अ मधून सवलती दिल्या, म्हणून तुमचे टेबल चालते, नाहीतर तो गुन्हाच होता. हक्क राखायचाच असेल तर पैसे घेण्यापूर्वी राखा. बुकिंगच्या पानावरच पत्त्याचा पुरावा मागा, डिजिलॉकर स्वीकारा, पासपोर्टचे शेवटचे पान वाचा आणि ओळखपत्र बघून झाल्यावर पट्टी बांधा. एवढ्याला सल्लागार लागत नाही.

15 दिवसांत रु. 14,000 मूळ खात्यावर आणि लेखी खुलासा मिळाला नाही, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, कॅसिनोंवर देखरेख करणाऱ्या गेमिंग कमिशनरांकडे अर्ज आणि सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती राहत्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. तुमच्या वकिलाला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, यावे लागेल. ते महाराष्ट्रात आहे, गोव्याच्या बाजूला.

दर पावसाळ्यात तुमचे 'महाराष्ट्राच्या पाहुण्यांसाठी खास सवलत' असे मेसेज येतात. ते या क्रमांकावर पाठवणे थांबवा, किंवा खाली लिहा: बांबोळीत जन्मलेले वगळून.

आपला तिकीटधारक,
दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग, महाराष्ट्र

सोबत: चार तिकिटांची पावती, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत. शेवटचे पान वर ठेवले आहे.